चंद्रा नदीच्या काठी गाडी थांबते तेव्हा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या व्यापारी घरांतील सुटीचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. पूर्वी पेढीला आठ दिवस कुलूप लागले की शिखरजी, श्रवणबेळगोळ किंवा पालिताणा यांचा विचार प्रथम होई आणि प्रवास आगगाडीने किंवा ठरविलेल्या बसने होई. वाहनाची चिंता वाहनवाल्याने करावी, यात्रेकरूंनी नव्हे, असा तो सरळ व्यवहार होता. आता घरातील तरुण पिढीने उंच बांध्याची, रुंद टायरांची गाडी घेतलेली असते आणि ती दारात नुसती उभी राहिलेली तिला बघवत नाही. मग लडाख, स्पिती, कच्छचे रण अशी नावे जेवणाच्या पाटावर निघू लागतात आणि एखाद्या जूनमध्ये तीन पिढ्या एकाच गाडीत बसून हिमालयाच्या वाटेला लागतात.

यात वावगे काहीच नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घेतली जात नाही. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर गाडी बंद पडणे आणि ग्रांफू-बातल रस्त्यावर गाडी बंद पडणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. पहिलीत बिघाड गाडीला होतो. दुसरीत तो संपूर्ण कुटुंबाच्या त्या दिवसाच्या बेताला होतो, आणि गाडी हा त्याचा केवळ एक भाग असतो.

मनालीहून स्पितीच्या काझा गावी जाणारा उन्हाळी मार्ग साधारण दोनशे किलोमीटरांचा आहे. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढणे आवश्यक राहिले नाही. बोगद्यातून लाहौलमध्ये उतरावे, कोकसरवरून ग्रांफूला यावे आणि तेथून चंद्रा नदीच्या काठाने छत्रू, छोटा दारा, बातल असे वर जावे. ग्रांफूनंतर डांबर जवळजवळ संपते. पुढे गोटे, चिखल, ठिकठिकाणी रस्त्यावरून वाहणारे नाले आणि एका अंगाला नदी. बातलनंतर कुंझुम खिंड लागते. तिची उंची सुमारे साडेचार हजार मीटर आहे. खिंडीपलीकडे लोसर हे पहिले गाव. मनाली सोडल्यावर या मार्गावर पेट्रोल पंप लागतो तो थेट काझ्याला. मधल्या बहुतांश भागात भ्रमणध्वनीला संदेशजाळे मिळत नाही. रुंदीकरणाचे काम चालू आहे, त्यामुळे एखाद्या वर्षी एखादा टप्पा सुधारलेला दिसतो आणि पुढच्याच वर्षी तो दरडीखाली गेलेला असतो.

या उंचीचा परिणाम माणसावर होतो हे सर्वांना ठाऊक असते. यंत्रावर होतो हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्के उरतो. हवा विरळ झाली की इंजिनाला प्राणवायू कमी पडतो, गाडी दमल्यासारखी चालते, चालक खालच्या गिअरमध्ये जोर लावतो आणि उष्णता वाढते. त्याच उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते म्हणून कुलंट इतक्या लवकर उकळत नाही. परंतु त्या झाकणाचे रबर झिजलेले असेल तर सांगलीत वर्षभर न जाणवलेला दोष बातलच्या चढावर अर्ध्या तासात उघडा पडतो. निघण्यापूर्वी शेकडो रुपयांचे हे झाकण बदलण्याचे कोणालाही सुचत नाही. गाडीच्या टपावर बसविण्याच्या दिव्यांवर मात्र हजारो रुपये खर्च झालेले असतात!

काटा वर चढू लागला तर वातानुकूलन बंद करावे, आतील हीटर पूर्ण वेगाने सोडावा आणि गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवावी. वाफ दिसत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे आणि झाकणाला पाऊण तास तरी हात लावू नये. राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९३०च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या फिरविल्या, तेव्हा रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून त्याने ती नळीने पाण्याच्या डब्यात सोडली. वाफेचे पाणी होई आणि इंजिन निवले की तेच पाणी नळीवाटे पुन्हा रेडिएटरमध्ये ओढले जाई. आजच्या गाडीत बॉनेटखाली जी प्लॅस्टिकची कुलंटची बाटली असते तिचे तत्त्व हेच. ती बाटली भरलेली आहे की नाही हे रोज सकाळी इंजिन थंड असताना पाहणे हे प्रवासातील पहिले काम समजावे.

नाल्यांचा विषय थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण सर्वांत महाग चूक तेथेच होते. हे नाले हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याचे असतात. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावते म्हणून पहाटे पाणी कमी असते. दिवस चढतो तसे ते वाढते आणि दुपारनंतर त्याच नाल्यात दुप्पट जोर आलेला असतो. त्या भागातील चालक अंधार असतानाच मनाली सोडतात त्यामागे हा हिशेब आहे. बाहेरगावचे कुटुंब मात्र सावकाश न्याहारी करून नऊला निघते आणि भर दुपारी नाल्यापाशी उभे राहते. तेथे प्रथम दुसरी गाडी कोठून जाते ते पाहावे. पाणी बंपरच्या वर जात असेल तर थांबावे. उतरायचेच झाले तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, मधे क्लच न दाबता पलीकडे जावे.

आणि इंजिन पाण्यात बंद पडले तर? अशा वेळी हात आपोआप किल्लीकडे जातो. नेमके तेच करू नये. हवा घेण्याच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर सेल्फ मारताच पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत सुटणारे प्रकरण काही लाखांवर जाते. गाडी ढकलून किंवा टोचन करून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडून पाहावा, आणि तो ओला असेल तर मेकॅनिकखेरीज कोणी किल्लीला हात लावू नये.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. सांगलीकडचे एक कुटुंब आहे. घरचे कर्ते अण्णा वयाच्या सत्तरीला आले आहेत, सोबत त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. गाडी डिझेलची, दिसायला दणकट, परंतु इंजिनाचा जोर पुढच्या दोनच चाकांना. बाजारात अशा गाड्या पुष्कळ आहेत. अंगकाठी पैलवानाची आणि पाय शहरी. बातल नऊ किलोमीटरांवर राहिले असताना दुपारी साडेतीनच्या सुमारास खालून मोठा आवाज होतो. शंभरेक पावलांवर काट्यांच्या फळीवर तेलाच्या चंबूचे तांबडे चिन्ह उजळते. खाली वाकून पाहावे तो काळ्या तेलाची रेघ रस्त्यावर मागपर्यंत ओढलेली. दगड लागून इंजिनाचा चेंबर फुटला आहे.

मुलाने या घडीला एक गोष्ट बरोबर केली असे धरू या. तांबडा दिवा दिसताच त्याने इंजिन बंद केले. बरेच लोक त्या दिव्याला इंधनाच्या दिव्यासारखे मानतात आणि ‘पुढच्या गावी पाहू’ म्हणतात. इंधनाचा दिवा उसंत देतो, तेलाचा देत नाही. तेलाचा दाब नसलेले इंजिन दोन-तीन किलोमीटरांतही जाम होऊ शकते. मग खिंडीत उभी राहते ती दुरुस्त होणारी गाडी नव्हे, भंगार.

यानंतरची पंधरा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात आणि त्यांत बॉनेट उघडण्याची घाई नसावी. गाडी वळणाच्या तोंडाशी असेल तर सर्वांनी खाली उतरून ती ढकलत सपाट, दरडीपासून दूर अशा जागी आणावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, मागे पन्नास पावलांवर त्रिकोण ठेवावा. त्यानंतर शिल्लक मांडावी. उजेड किती तासांचा उरला आहे? पिण्याचे पाणी किती लिटर आहे? उबेचे कपडे प्रत्येकाला आहेत का? कोणाचे डोके दुखते आहे, कोणाला मळमळते आहे? व्यापाऱ्याच्या घरात ही सवय नवी नाही. अडचणीच्या दिवशी दुकानदार आधी गल्ला मोजतो, मग देणी पाहतो. येथे गल्ल्यात रुपये नसतात. तास, पाणी आणि ऊब असते, आणि तिन्ही सूर्याबरोबर उतरणीला लागलेली असतात.

आपल्या चित्रातील कुटुंबापाशी सहा लिटर पाणी आहे, खाकरा, चिवडा, खजूर आणि गुळाच्या दोन ढेपा आहेत. शाली भरपूर आहेत. अण्णांचे डोके सकाळपासून जड आहे. मनालीची उंची सुमारे दोन हजार मीटर आणि ही जागा चार हजारांच्या जवळ. एका दिवसात इतके चढणे साठीपुढच्या माणसाला मानवेलच असे नाही.

“अण्णा, मी पुढे चालत जातो. बातलला ढाबा आहे, दोन-अडीच तासांत मदत घेऊन येतो,” मुलगा म्हणतो.

“तू गेलास तर इथे गाडीखाली कोण शिरणार? आणि तू वाटेत अडकलास तर तुला शोधायला आम्ही कोणाला पाठवायचे?” अण्णा विचारतात.

अण्णांचा प्रश्न रास्त आहे. गोट्यांच्या चढावर, त्या विरळ हवेत, सखल प्रदेशातून दोन दिवसांपूर्वी आलेला माणूस तासाला दोन-अडीच किलोमीटरांपेक्षा अधिक चालत नाही. नऊ किलोमीटरांना चार तास लागणार. म्हणजे पोहोचेपर्यंत अंधार. मधे नाले, आणि तेही सायंकाळच्या भरतीचे. उलट गाडी ही रस्त्यावरची सर्वांत ठळक वस्तू असते. ती वाऱ्यापासून आडोसा देते, लांबून दिसते आणि येणारे प्रत्येक वाहन तिच्यापाशी वेग कमी करतेच. चालणारा एकटा माणूस यांतले काहीच देत नाही. रहदारीच्या रस्त्यावर, वस्ती डोळ्यांना दिसत असताना आणि दिवस बाकी असताना चालत जाणे निराळे. एरवी गाडी सोडू नये.

ही चूक मोटारीइतकीच जुनी आहे. १९०७ साली चीनच्या पेकिंगपासून पॅरिसपर्यंत मोटारींची शर्यत झाली. १० जूनला पाच गाड्या निघाल्या. त्यांत ओग्युस्त पोन्स या फ्रेंच गृहस्थाची कोंताल ही तीन चाकांची, सर्वांत हलकी गाडी होती. गोबीच्या वाळवंटात तिचे इंधन संपले. बाकीच्या गाड्या पुढे गेलेल्या. पोन्स आणि त्याचा जोडीदार उन्हात पायी निघाले, गळून गेले आणि भटक्या टोळीच्या लोकांनी सापडल्यावर त्यांना जगविले म्हणून वाचले. गाडी वाळवंटातच राहिली. शर्यत जिंकली ती इटलीच्या प्रिन्स शिपिओने बोर्गेझे याने, आणि ती १० ऑगस्टला. त्याची तयारी पाहण्यासारखी आहे. पेकिंगजवळच्या डोंगरवाटा त्याने आधी घोड्यावरून पाहिल्या आणि आपल्या गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी बरोबर नेऊन अरुंद जागा मोजून घेतल्या. इंधनाचे साठे उंटांच्या तांड्यांनी अगोदर वाटेवर पोहोचविलेले होते. इतके करूनही सैबेरियात एक लाकडी पूल गाडीसकट कोसळला आणि पुढे रशियात एक चाक मोडले. ते चाक एका खेडवळ सुताराने कुऱ्हाड चालवून नव्याने उभे केले. तयारी असूनही बिघाड टळला नाही, परंतु प्रत्येक बिघाडाच्या वेळी बोर्गेझे गाडीपाशी होता आणि त्याच्याजवळ थांबण्यापुरते बळ शिल्लक होते.

तेव्हा कुटुंब थांबते. थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. सून वहीची पाने फाडून चिठ्ठ्या लिहिते. गाडीचा क्रमांक, माणसे पाच, त्यांत एक वृद्ध आजारी व एक मूल. जागा अमुक कोसाच्या दगडापुढे. बिघाड, इंजिनाचा चेंबर फुटला. हवे आहे टोचन किंवा मेकॅनिक. घरचा दूरध्वनी क्रमांक. तोंडी निरोप तिसऱ्या माणसापर्यंत जाताना बदलतो. लिहिलेला बदलत नाही. पूर्वी आपल्याकडे अनोळखी माणसाच्या हाती दिलेली हुंडी शेकडो कोसांवर सकारली जात असे, ती लेखणीच्या जोरावरच. एक चिठ्ठी बातलकडे जाणाऱ्या वाहनाला द्यावी आणि दुसरी मनालीकडे परतणाऱ्याला, कारण कोणत्या बाजूने मदत आधी निघेल हे सांगता येत नाही. या रस्त्यावर ट्रक असतात, टॅक्सी असतात, सीमा सडक संघटनेची वाहने असतात, आणि उन्हाळ्यात हिमाचल परिवहनाची बसही जाते. त्या भागात अडलेल्याला सोडून न जाण्याची रीत अजून टिकून आहे. चालकाला थांबवून, नमस्कार करून, चिठ्ठी हातात द्यावी. गाडीच्या काचेतून हात हलवून भागत नाही.

भ्रमणध्वनीवर आपल्या कंपनीचे जाळे नसले तरी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. दुसऱ्या कंपनीचे जाळे पोहोचत असेल तर आपत्कालीन संपर्क त्यावरूनही होऊ शकतो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे, कारण अनेक घरांत कोणी ना कोणी परदेशी असते. तिकडच्या भाच्याने किंवा जावयाने कौतुकाने दिलेला उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठविणारे छोटे यंत्र बरोबर नेण्याचा मोह होतो. भारतात शासनाच्या परवानगीवाचून अशी साधने वापरणे गुन्हा ठरतो आणि सीमेलगतच्या प्रदेशात तर त्यावरून पर्यटकांना अटक झालेली आहे. ते घरीच ठेवावे. त्यापेक्षा रोज सकाळी निघताना घरी किंवा पेढीवर एकाला कळवावे की आज येथून येथे जाणार आणि रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काझ्याच्या मुक्कामी विचारणा करावी. याला खर्च काही नाही, आणि नेमके हेच राहून जाते.

साडेपाचपर्यंत मदत आली नाही तर रात्र येथेच काढायची हे ठरवून टाकावे. अंधार पडल्यावर घेतलेला निर्णय घाबरलेला असतो. ज्या घरात सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेतले जात नाही, त्यांनी तर हा निर्णय आणखी लवकर घेतला पाहिजे, कारण त्या उंचीवर शरीरातील पाणी फार झपाट्याने उडते आणि रात्रभराची भर दिवस मावळण्यापूर्वीच घालावी लागते. प्रवासाच्या या दोन-चार दिवसांत वडीलधाऱ्यांनी उपवास धरू नये, असे घरातल्यांनीच आधी सांगणे बरे. अण्णांच्या डोकेदुखीवर नजर ठेवावी. बोलणे अडखळू लागले, चाल डळमळली किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर मग गाडीचा विचार सोडून, पहिल्या मिळेल त्या वाहनाने त्यांना खाली, कमी उंचीवर न्यावे. चेंबर उद्या बसेल.

रात्री सर्वांनी एकाच गाडीत बसावे. काचांना आतून वर्तमानपत्रे किंवा खोक्यांचे पुठ्ठे लावावेत, एक काच बोटभर उघडी ठेवावी. गाडीत शेगडी, मेणबत्ती किंवा स्टोव्ह कदापि पेटवू नये. इंजिन चालू असलेल्या गाडीत हीटर लावून झोपणेही तितकेच धोक्याचे. बर्फाने किंवा चिखलाने धुराची नळी बुजली तर विषारी वायू आत येतो आणि झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

अशी अडकण्याची वेळ केवळ गाडीच्या बिघाडानेच येते असे नाही. जुलै २०२३ मध्ये याच रस्त्यालगतच्या चंद्रताल सरोवरापाशी अवेळी बर्फ पडले, दरडी कोसळल्या आणि सुमारे अडीचशे पर्यटक चार-पाच दिवस तंबूंत अडकून पडले. काही आजारी माणसांना हेलिकॉप्टरने हलविण्यात आले आणि बाकीच्यांना बर्फ हटवून रस्ता मोकळा झाल्यावर बाहेर काढण्यात आले. त्या दिवसांत गाडी उत्तम चालू स्थितीत असूनही कोणाला काही उपयोग नव्हता.

आता दुरुस्तीकडे वळू. चेंबरला बोटभर चीर असेल तर तात्पुरता उपाय वाटेवर होऊ शकतो. इंजिन निवल्यावर, गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी असताना खाली शिरावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, कितीही घाई असली तरी. गळणारे तेल स्वच्छ डब्यात धरावे, ते पुढे गाळून वापरता येते. चिरेभोवतीची जागा पेट्रोलने किंवा साबणाने पुसून पूर्ण कोरडी करावी, काचकागदाने खरवडावी आणि एम-सीलचे दोन भाग मळून वर घट्ट दाबावेत. तेलाचा ओशटपणा राहिला तर ते धरत नाही. थंडीत वाळायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी गाळलेले तेल आणि सोबतचे दोन लिटर नवे तेल भरावे, पट्टीवर पातळी पाहावी आणि इंजिन चालू करून दिवा विझतो का ते पाहावे. विझला तर हळूहळू, दर दोन किलोमीटरांवर थांबून खाली वाकून पाहत, जवळच्या वस्तीपर्यंत जाता येते. त्याच तेलासाठी ठेवलेले दोन लिटर, एम-सीलची पाकिटे आणि काचकागदाचा तुकडा एका पिशवीत मावतात. डिझेलच्या टाकीला बारीक गळती असेल तर ट्रकवाले तेथे अंगाचा साबण घासतात. तोही उपाय पुष्कळ वेळ टिकतो.

टायरविषयी थोडक्यात. मधोमध गेलेला खिळा प्लगने सुटतो, बाजूची चीर सुटत नाही. म्हणून स्टेपनी लागते, आणि तिच्यात हवा आहे की नाही हे सांगलीतच पाहायचे असते. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी बारीक आकाराची असते, काहींत ती नसतेच, केवळ हवेचा पंप आणि डिंकाची बाटली दिलेली असते. अशा गाडीने या रस्त्याला जाऊ नये. जॅक मऊ मातीत रुततो, त्याखाली ठेवायला हातभर लाकडी फळी असू द्यावी.

विम्याच्या बाबतीत बहुतेक घरांत मोठा गैरसमज असतो. ‘गाडीचा संपूर्ण विमा आहे’ असे सांगितले जाते, परंतु नेहमीच्या विम्यात यांत्रिक वा विद्युत बिघाड अंतर्भूत नसतो; अपघात असतो. दगड आदळून चेंबर फुटला तर तो अपघात म्हणून मागणी करता येते. पण तेल गळत असताना गाडी तशीच चालविली आणि इंजिन जाम झाले, तर पुढचे नुकसान मालकाच्या माथी येते. अपघातानंतर आवश्यक दुरुस्तीपूर्वी गाडी चालविल्यास वाढलेले नुकसान विमाधारकाच्या जोखमीवर, अशी अट पूर्वापार करारातच छापलेली आहे. पाण्यात सेल्फ मारून मोडलेल्या इंजिनाचेही तेच. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड निराळी घ्यावी लागते. अपघातग्रस्त मोटार जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा खर्च जुन्या प्रमाणित मसुद्यात १,५०० रुपयांपर्यंतच धरलेला आहे आणि बातलहून मनालीला ट्रकवर गाडी चढवून आणायला तो कोठेच पुरत नाही. रस्त्यावरील साहाय्याची सेवा घेतलेली असेल तर ती किती किलोमीटरांपर्यंत आणि कोणत्या प्रदेशात मिळते हे कागद काढून वाचावे. फुटलेल्या भागाची, जागेची आणि मैलाच्या दगडाची छायाचित्रे दुरुस्तीपूर्वीच घ्यावीत. विमा कंपनीला खबर संदेशजाळे मिळताच द्यावी.

रोख रक्कम हा शेवटचा मुद्दा, आणि हल्ली तो शिकवावा लागतो. जाळे नाही तेथे मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. शंभर-दोनशेच्या नोटांत पुरेशी रोकड दोघांच्या खिशात विभागून असावी. दूरवरून बोलावलेला मेकॅनिक आपला दर सांगतो तेव्हा बाजारभाव काढत बसू नये. त्याने जाण्यायेण्याचा दिवस त्यात घातलेला असतो. घासाघीस हा आपला व्यवसायगुण खरा, पण तो काउंटरच्या आतल्या बाजूचा आहे.

सकाळी सहाच्या सुमारास चित्रातील कुटुंबाला पहिला ट्रक भेटतो. चालकाच्या खिशात सुनेची कालची चिठ्ठी आहे. रात्री ती बातलच्या ढाब्यावर कोणीतरी त्याच्याकडे दिली. तो अण्णांना आणि दोघी बायकांना नातीसह पुढे बसवून घेतो, कारण अण्णांना आता कोणाच्या तरी आधाराने, न चालता, आधी पुढे पोहोचायचे आहे. त्यांचे डोके अजून जड आहे, पण बोलणे स्पष्ट आणि चाल स्थिर आहे. उलट लक्षण दिसते तर त्यांना खिंड न चढविता मनालीच्या बाजूला, उताराकडे न्यावे लागले असते. एम-सील धरलेले आहे. मुलगा ट्रकच्या मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये, बातल गाठतो आणि दुपारी कुंझुम उतरून लोसर, मग काझा.

नवा चेंबर कुलूहून बसने यायला दोन दिवस लागतात. दुकान सोमवारी उघडायचे ठरलेले असते. मुलगा अस्वस्थ होऊन आहे तशाच गाडीने परत निघू म्हणतो, चंदीगडला बदलू म्हणतो. बेत आखतानाच अण्णांनी दोन दिवस मोकळे ठेवावयास हवे होते, ठेवले नव्हते. ते पेढीवर फोन करून मुनीमजींना बुधवारपर्यंत दुकान सांभाळायला सांगतात. मग चौकटीच्या वहीत, घरून निघाल्यापासूनच्या जमाखर्चाखाली, मेकॅनिकची मजुरी, चेंबर, पाच लिटर तेल आणि दोन दिवसांच्या दोन खोल्या अशा चार रकमा लिहितात. ट्रकवाल्याने पैसे घेतले नव्हते. त्या ओळीपुढे ते त्याच्या गावाचे नाव लिहून ठेवतात.